हिरवळ राहिली, गवत गेले

कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्यापुढे २०२३ च्या ऑक्टोबरात कृत्रिम गवतासंबंधीची दोन विधेयके होती. एकावर त्यांनी सही केली. त्यामुळे घरांच्या आवारात प्लास्टिकचे गवत अंथरण्यास बंदी घालण्याचा अधिकार शहरांना आणि काउंटींना परत मिळाला. ज्या गवतात ‘पीफास’ गटातील, निसर्गात सहजासहजी विघटन न होणारी रसायने आहेत त्याच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घालणारे दुसरे विधेयक मात्र त्यांनी नाकारले. बंदीच्या अंमलबजावणीची जबाबदारी कोणत्याही खात्यावर टाकलेली नाही, असे कारण त्यांनी दिले. म्हणजे माल बाजारात राहणार आणि तो परसात अंथरू द्यावा की नाही, हे गावोगावच्या नगरसभांनी ठरवावयाचे. आठच वर्षांपूर्वी, २०१५ मध्ये, याच राज्याने याच नगरसभांना असे ठरविण्यास कायद्याने मनाई केली होती.

ही उलटसुलट धोरणे एखाद्या गव्हर्नराच्या लहरीतून आलेली नाहीत. २०१२ ते २०१६ या काळात कॅलिफोर्नियाने अतितीव्र दुष्काळ सोसला. १ एप्रिल २०१५ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडा पर्वतातील एका माळावर उभे राहिले. त्या दिवसांत जेथे फूटचे फूट बर्फ असावयाचे तेथे वाळलेले गवत होते. तेथूनच त्यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात करण्याचा आदेश दिला आणि पाच कोटी चौरस फूट हिरवळ काढून टाकण्याचे लक्ष्य जाहीर केले. अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशांत घरगुती पाण्याचा अर्ध्याहून अधिक वाटा घराबाहेर, मुख्यत्वे हिरवळीवर खर्च होतो, हे पाहता आदेश योग्यच होता. पण अमेरिकन मध्यमवर्गाच्या लेखी घराभोवतीची कापलेली हिरवळ ही केवळ हौस नसते. तो प्रतिष्ठेचा दाखला असतो आणि घरमालकांच्या संघटना त्याची चोख तपासणी करीत असतात. सरकारने सांगितले की पाणी वाचवा. नागरिकाने पाणी वाचविले. हिरवळ मात्र सोडली नाही. तिचे द्रव्य तेवढे बदलले.

या बदलाचे सर्वांत चोखंदळ रूप म्हणजे परसातील ‘पटिंग ग्रीन’. गोल्फमध्ये चेंडू अखेरीस ज्या गुळगुळीत पट्ट्यावरून सव्वाचार इंच व्यासाच्या भोकात ढकलावयाचा असतो, त्या पट्ट्याची ही घरगुती आवृत्ती. ७२ फटक्यांच्या मैदानात निम्मे, म्हणजे ३६ फटके, या पट्ट्यावरचे गृहीत धरलेले असतात. साहजिकच खेळाडूला सरावाची जागा घराशीच हवी असते. माती खणून काढावयाची, बारीक खडीचे थर दाबून घट्ट करावयाचे, त्यांना हवे तसे चढउतार द्यावयाचे, वर नायलॉनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे आखूड केसांचे गवत ताणून बसवावयाचे आणि त्यात बारीक वाळू झाडून भरावयाची. एवढे झाले की वर्षभर न वाढणारी, न सुकणारी हिरवळ तयार. तिची ‘गती’ मोजण्याचे साधनही गोल्फच्या जगात आहे. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये शोधलेल्या पन्हळीवरून सोडलेला चेंडू जितके फूट घरंगळेल तितकी गती.

येथे या व्यवसायाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. खऱ्या गवताचा असा पट्टा घरी सांभाळणे जवळजवळ अशक्य असते. ते गवत जवळपास रोज कापून तीनएक मिलिमीटर उंचीवर ठेवावे लागते, त्याला पाणी आणि औषधे यांचा सतत मारा लागतो. कृत्रिम गवताची खरोखर गरज जर परसात कोठे असेल तर ती याच चारपाचशे चौरस फुटांत. अडचण अशी की काम तेवढ्यावर थांबत नाही. पट्ट्याच्या कडेला थोडे उंच गवत हवे, त्याच्या पलीकडचे कोरडे अंगण विजोड दिसते, आणि पाहता पाहता कुंपणापर्यंत सगळे परस प्लास्टिकचे होते.

या गवताची भारतीयांना झालेली पहिली ओळख फारशी सुखाची नव्हती. ह्यूस्टनच्या झाकलेल्या ॲस्ट्रोडोममध्ये खरे गवत जगेना म्हणून १९६६ मध्ये मोन्सँटो कंपनीचे गवत तेथे पसरले गेले आणि त्या वास्तूवरून त्याला ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव पडले. दहा वर्षांनी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली, तेव्हा आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ सातव्या क्रमांकावर घसरला. मैदान बदलले की खेळ बदलतो, हे तेव्हा कळले. परस बदलले की काय बदलते, हे आता कळू लागले आहे.

पहिली गोष्ट उष्णतेची. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ च्या सुमारास झालेल्या मोजणीत कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग सुमारे ९३ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याचे आढळले. त्या वेळी हवेचे तापमान ३७ अंशांच्या आसपास होते. पाणी फवारल्यावर तो निवला खरा, पण वीसएक मिनिटांत पुन्हा जवळपास पूर्ववत तापला. पाणी वाचविण्यासाठी अंथरलेल्या गवताला थंड ठेवण्यासाठी पाणी! दुसरी गोष्ट तुटून जाणाऱ्या तंतूंची आणि भरावाच्या कणांची. क्रीडामैदानांतील प्लास्टिकच्या भरावावर युरोपीय संघाने २०२३ मध्ये बंदी जाहीर केली आणि तिच्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली. पटिंग ग्रीनमध्ये बहुधा वाळूच असते, हे सांगावयास हवे. पण वाळूवरचे गवत प्लास्टिकचेच.

नेवाडाने दुसरी वाट धरली. कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर पोसलेली ‘निरुपयोगी’ हिरवळ २०२६ अखेर बंद करण्याचा कायदा त्या राज्याने २०२१ मध्ये केला. रस्त्यांचे दुभाजक, कार्यालयांची दारे, वसाहतींच्या सामाईक कडा अशी, ज्यांवर कोणी पाऊलही टाकीत नाही ती हिरवळ त्यात येते. स्वतंत्र घरांची अंगणे आणि गोल्फची मैदाने मात्र वगळलेली आहेत. कायदा अपुरा आहे, तरी त्याचा प्रश्न बरोबर आहे : ही हिरवळ कशासाठी? कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये तो विचारलाच नाही. लोकांची हिरव्या रंगाची ओढ गृहीत धरून तिला पाण्याविना जगण्याची सोय करून दिली. महाराष्ट्रालाही हा तंटा अपरिचित नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात असताना मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला होता. येथे खेळ हलविला गेला. कॅलिफोर्नियात गवत हलविले गेले.

परत मिळालेला अधिकार मिलब्रे, सॅन मरिनो अशा शहरांनी वापरलाही आहे. पण त्यांची बंदी नव्या गवतापुरती. दुष्काळाच्या वर्षांत अंथरलेल्या गवताचे आयुष्य साधारणतः दहा ते वीस वर्षांचे. त्याची पहिली खेप आता उचलण्याच्या बेतात आली आहे. केस, पाठीचा थर आणि वाळू असे एकात एक रुतलेले हे गुंडाळे वेगळे करून पुन्हा वापरणे खर्चाचे असल्याने बहुतेकांची रवानगी कचऱ्याच्या भरावात होते, आणि तेथील जागेचा व वाहतुकीचा खर्च पडतो तो ज्यांच्या परसात गोल्फचे भोक कधीच नव्हते त्यांच्यावरही.