सेगाचा डफ

मॉरिशसमधील गुलामांच्या वेदनेतून जन्मलेल्या ‘सेगा’ या गीतनृत्याला युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, हे उचितच झाले. परंतु यादीत नाव चढले म्हणजे परंपरा तगली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शेळीच्या कातड्याने मढवलेला ‘रावान’ नावाचा डफ विस्तवावर शेकावा आणि क्रिओल भाषेत उत्स्फूर्त पदे रचावीत, ही सेगाची मूळ रीत. हॉटेलांतून पर्यटकांपुढे होणाऱ्या झगमगाटी प्रयोगांत ती कितीशी उरणार? १८३५ साली कायद्याने गुलामगिरी संपली. तिची स्मृती मात्र या डफाच्या थापेत जिवंत आहे. ती थाप पुढील पिढीच्या हाती उतरली नाही, तर युनेस्कोची नोंद हा केवळ मृत्युलेख ठरेल.