वायुनौका कल्पनेतली, वजन मात्र खरे

पितळी चाके, काचेची दालने, फुग्याखाली टांगलेले लाकडी गलबत आणि गलबताच्या दोन्ही अंगांना तोफांची रांग. स्टीमपंक शैलीतली वायुनौका, म्हणजेच एअरशिप, बहुधा अशीच रेखाटली जाते. वाफेचे युग कधी सरलेच नाही असे मानून जग उभे करणाऱ्या या साहित्यप्रकाराला ‘स्टीमपंक’ हे नाव के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ मध्ये दिले. तेव्हापासून अशा नौकांची संख्या वाढतच गेली आहे. त्यांतल्या बहुतेक तरंगत नाहीत. त्या नुसत्या आकाशात काढलेल्या असतात.

काल्पनिक जगाला निसर्गनियम मोडण्याची मुभा असतेच. पण वायुनौकेचे सारे नाट्य वजनात आहे, आणि वजन पुसले की नाट्यही पुसले जाते.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो भार उचलतो. शिडांच्या युद्धनौकेवरची एक मोठी तोफ तीन टनांच्या आसपास भरते. तेवढ्या एका तोफेसाठी सुमारे २,७०० घनमीटर वायू हवा. दोन डझन तोफांसाठी ६५,००० घनमीटर. १९३७ मध्ये जळालेली ‘हिंडेनबर्ग’ ही आजवरच्या सर्वांत मोठ्या वायुनौकांपैकी एक. तिची लांबी २४५ मीटर आणि पोटात सुमारे २,००,००० घनमीटर हायड्रोजन. म्हणजे तिची एक तृतीयांश ताकद नुसत्या तोफा उचलण्यात संपली. दारूगोळा, खलाशी आणि त्यांचा शिधा अजून जमिनीवरच आहे.

वाफेची वायुनौका मात्र खरोखर उडाली होती. २४ सप्टेंबर १८५२ रोजी आंरी जिफार या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसहून उड्डाण केले आणि सुमारे २७ किलोमीटर अंतर कापले. फुगा ४४ मीटर लांब, इंजिन अवघे तीन अश्वशक्तीचे. फुग्यात ज्वलनशील कोळसा-वायू, आणि त्याच्याखाली पेटती भट्टी! म्हणून जिफारने इंजिन फुग्यापासून बरेच खाली टांगले, आणि धुराडे वर न नेता खालच्या दिशेने वळवले. आजच्या चित्रांत धुराडी ऐटीत फुग्याकडे धूर सोडताना दिसतात, तेव्हा या उलट्या धुराड्याची आठवण होते. ते कुरूप आहे, पण त्याच्याकडे पाहताच चालकाच्या जिवाची धास्ती कळते. जिफारला वाऱ्याविरुद्ध परत येता आले नाही. निघाल्या जागी परतण्याचे काम १८८४ मध्ये ‘ला फ्रान्स’ या नौकेने केले, आणि तेही वाफेवर नव्हे, विजेवर.

वाफेची दुसरी अडचण पाण्याची. एक किलो कोळशाने सात-आठ किलो पाण्याची वाफ होते. ती हवेत सोडली की नौका हलकी होऊन वर चढू लागते. तिला आवरायला मोलाचा वायू सोडावा लागतो. वाफ थंड करून पुन्हा पाणी करावे, तर त्या यंत्राचेही वजन आले. १९२९ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘ग्राफ झेपेलिन’ने यातून सुरेख वाट काढली होती : तिचे इंधनच वायुरूप आणि जवळपास हवेइतके जड होते, त्यामुळे ते जळले तरी नौकेचा तोल फारसा ढळत नसे. एखाद्या कादंबरीकाराला यातून पाण्यासाठी तळ्यातळ्यांवर उतरणारी नौका, त्या तळ्यांवर हक्क सांगणारी गावे, कर, भांडणे असे किती काही सुचावे!

वजनाशी खोटे बोलल्यावर काय होते, याचे उदाहरण आपल्याकडच्या वाटेवरचेच आहे. साम्राज्याचे दूरचे भाग हवाईमार्गाने जोडण्यासाठी ब्रिटिश सरकारने ‘आर-१०१’ बांधली. डिझेल इंजिने अपेक्षेहून जड निघाली आणि भार उचलण्याची ताकद ठरल्यापेक्षा बरीच कमी भरली. तेव्हा नौका मधोमध कापून नवा वायुकक्ष बसवण्यात आला. पुरेशा चाचण्या झाल्या नव्हत्या. तरीही ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ती कराचीकडे निघाली. हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन स्वतः नौकेवर होते, आणि हिंदुस्थानात जाऊन वेळेवर परतण्याची त्यांना घाई होती. रात्री उलटल्यावर फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ ती कोसळून पेटली. ५४ पैकी ४८ जण गेले, थॉमसनही. ब्रिटनने वायुनौकांचा नादच सोडला.

कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. ‘आर-१०१’साठी तिथे एक अवाढव्य हँगर आधीच उभा करून ठेवला होता. त्यात एकही वायुनौका कधी आली नाही. कित्येक वर्षे तो वाळवंटाच्या कडेला उभा होता, आणि १९६० च्या दशकात पाडला गेला.