खंडणी आणि उसंत

सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य वारंवार वाचावयास मिळाले: ‘रामदेवरावाने भ्याडपणे खंडणी दिली, म्हणून यादवांचे राज्य बुडाले.’ हा निकाल मला अपुरा वाटतो. कल्याणीसह आपला बराचसा मुलूख त्या काळी यादवांच्याच अमलाखाली होता. तेव्हा त्याचा विचार आपणच नीट करावयास हवा.

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी काही हजार स्वारांनिशी देवगिरीवर अकस्मात चालून आला. राजपुत्र शंकरदेव सैन्यासह दूर गेला होता. फरिश्त्याने लिहिलेली गोण्यांची हकिकत विद्यार्थ्यांनी ऐकली असेलच: धान्य म्हणून घाईने किल्ल्यात घेतलेल्या गोण्यांत मीठ निघाले! कथा खरी असो वा नसो, वेढा सोसण्याची सिद्धता नव्हती एवढे निश्चित. अशा वेळी धन देऊन संकट टाळणे हा अपराध म्हणावयाचा काय?

तसे असेल, तर इंग्लंडचा थोर राजा आल्फ्रेड हाही अपराधी ठरेल. नौकांतून येणाऱ्या डेन लोकांशी त्याने ८७१ मध्ये द्रव्य देऊनच तह केला, असे इतिहासकार मानतात. (मी किनाऱ्यावर वाढलेला, शत्रू समुद्रातून येतो ही कल्पना मला परकी नाही.) परंतु ८७८ मध्ये एडिंग्टन येथे विजय मिळाल्यावर तो स्वस्थ बसला नाही. त्याच्या राज्यात सुमारे तीस तटबंदीची ठाणी उभी राहिली. बहुतेक गावांपासून एखादे ठाणे दिवसभराच्या चालीवर असे, आणि तट राखण्यास माणसे पुरविण्याचे काम आसपासच्या जमिनींवर वाटून दिलेले होते. सैन्याचेही त्याने दोन भाग केले: एक रणात, दुसरा घरी शेतावर. ८९२ मध्ये नवी धाड आली, ती चार वर्षे भटकून विफल झाली. उलट त्याच वंशातील एथेलरेड ९९१ पासून पुनःपुन्हा द्रव्यच देत राहिला, आणि १०१६ मध्ये डेन राजा कॅन्यूट इंग्लंडच्या सिंहासनावर बसला.

रामदेवरावासही उसंत मिळाली होती, तीही थोडीथोडकी नव्हे. मलिक काफूरची स्वारी येईपर्यंत दहाहून अधिक वर्षे गेली. त्या अवधीत राज्याच्या संरक्षणाची घडी बदललेली दिसत नाही. शेजाऱ्यांशी वैर तर जुनेच. १२७६ मध्ये यादवसेना होयसळांच्या द्वारसमुद्रापर्यंत धडकली होती. पुढे दिल्लीचे मांडलिकत्व पत्करून रामदेवरावाने त्याच शेजाऱ्यांवरील मोहिमांत काफूरला साहाय्य केले. मला दोष दिसतो तो येथे, खंडणीत नव्हे. आल्फ्रेडच्या शत्रूपाठीशी दिल्लीसारखी बलाढ्य सत्ता नव्हती, हे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे. १३१३ मध्ये शंकरदेव मारला गेला आणि १३१८ पर्यंत सारे संपले.

केवळ तटांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी आपला बिदरचा किल्लाही आठवावा. खडकात कोरलेला तिहेरी खंदक असूनही तो मार्च १६५७ मध्ये औरंगजेबाच्या हाती गेला. वृद्ध किल्लेदार सिद्दी मर्जान २७ दिवस झुंजला. अखेर बुरुजाजवळील दारूने पेट घेतला आणि तो होरपळला. पुढील सहलीत तो तट आपण पाहूच. परंतु मुलांनी आधी विहिरी व कोठारे पाहावीत, आणि भोवतालच्या गावांतून धान्य कोणत्या दरवाजाने आत येत असेल, याचा अंदाज बांधावा.