मैदानावरचा लातूर पॅटर्न

विद्यार्थ्याची चूक मोजण्याचे शास्त्र लातूर-नांदेडला कुणी शिकवण्याची गरज नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांची चिकित्सा, एकामागून एक सराव परीक्षा, उत्तरपत्रिकेतील प्रत्येक चुकीची नोंद आणि ती सुटेपर्यंत पुन्हा अभ्यास. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी याच शिस्तीवर बारावीच्या गुणवत्ता यादीत मराठवाड्याचे नाव झळकवले. हाच विद्यार्थी सायंकाळी फुटबॉल घेऊन मैदानात उतरला, की सारी मोजणी थांबते. ‘आज दम कमी पडला’ एवढेच त्याचे प्रगतिपुस्तक!

जगात फुटबॉलने मात्र वेगळी वाट धरली आहे. २०२२ च्या कतार विश्वचषकात छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या देहावरील २९ पर्यंत बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. चेंडूच्या पोटातील संवेदक सेकंदाला ५०० वेळा नोंद देत होता. दोन खांद्यांच्या मध्ये जीपीएस यंत्र बसवलेली बंडी तर २०१५ पासून अधिकृत सामन्यांतही चालते. खेळाडू किती धावला, कितीदा एकदम वेग घेतला, कितीदा अचानक थांबला, याचा हिशेब ती देते. तो पाहून थकलेल्या मुलाच्या सरावाचा भार वेळीच उतरवता येतो.

आकड्यांची आंधळी भक्ती मात्र नको. इंग्लंडच्या हवाई दलातील हिशेबनीस चार्ल्स रीप यांनी १९५० पासून पेन्सिलीने सामन्यांच्या नोंदी ठेवल्या. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमधून होतात, असे त्यांना आढळले. म्हणून चेंडू लांब मारा, असा निष्कर्ष निघाला. पण मुळात बहुतेक चाली तेवढ्याच आखूड असतात! अंश पाहिला, छेद पाहायचा राहिला. लातूरच्या शिकवणीतला मुलगाही ही चूक पकडेल.

कतारचे कॅमेरे इथे येणार नाहीत, यायची गरजही नाही. गच्चीवर ठेवलेला एक मोबाइल आणि वही घेऊन बसलेला संख्याशास्त्राचा एक विद्यार्थी एवढ्याने आंतरमहाविद्यालयीन सामन्याची नोंद होऊ शकते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने हे मनावर घेतले, तर खर्च नगण्य आहे. गुरु गोविंदसिंगांच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरवत आलेल्या नांदेडला खेळाचे अगत्य नाही, असे कोण म्हणेल?

खरा प्रश्न वेगळाच आहे. दिवसभर गुणांच्या चरकात पिळलेल्या मुलाला मैदानातही आकड्यांनीच पिळायचे काय? शिकवणीच्या गावात ही भीती अनाठायी नाही. २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती बंधनकारक केली आहे. पण संमतीने सवय बदलत नाही. सराव परीक्षेचे गुण जसे फलकावर लागतात, तसे धावण्याचे आकडे लागता कामा नयेत. ते क्रीडाशिक्षकाच्या वहीत राहावेत आणि मुलाला एकट्याला बोलावून दाखवावेत.