दिसली! पण कुठली?

शनिवारी माणला मित्राच्या फ्लॅटवर गेले होते. आठवडाभर फेज थ्रीत स्क्रीनसमोर बसणारा हा प्राणी वीकेंडलाही स्क्रीनसमोरच! फरक इतकाच, की समोर फ्लाइट सिम्युलेटर अन् हातात जॉयस्टिक.

'चल, मुंबईला उतरव,' म्हणाला. सकाळची वेळ, हवा धुरकट, खाली समुद्र. पुढे नुसत्या इमारती. तेवढ्यात किनाऱ्यालगत सरळ राखाडी पट्टा दिसला. 'दिसली, दिसली!' मी किंचाळलेच.

'बाईसाहेब, हे जुहू आहे.'

हसू नका! 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं डीसी-8 खरोखरच सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं होतं. दोन्ही धावपट्ट्या शेजारी, दिशा जवळपास तीच. पण जुहूची लांबी जेमतेम 1,140 मीटर, सांताक्रूझची जवळपास तिप्पट. विमान धावपट्टीपुढे गेलं, भंगारात निघालं. नशीब, जीव कुणाचा गेला नाही.

मग ट्रिक कळली. नुसत्या डोळ्यांवर जायचं नाही. आयएलएस लावायचं, म्हणजे आपल्या धावपट्टीचा रेडिओ सिग्नल. काटा मधोमध आला तरच ती आपली. मग कडेचे चार दिवे बघायचे. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उंची बरोबर. चारही लाल? फार खाली आलात! शंका वाटली, की सरळ थ्रॉटल पुढे, नाक वर, पुन्हा फेरी. त्यात कसली आलीय लाज?

तिसऱ्या फेरीत उतरले एकदाची.

सोमवारी एका नोकरीला 'हो' कळवायचं होतं. सहा महिन्यांत दिसलेली पहिलीच. चार दिवस मागून घेतलेत. काटा अजून मधोमध आलेला नाही.