परमुलखातील दात्यांस

कामशेत ही नाणे मावळ आणि पवन मावळातील खेड्यांची जुनी बाजारपेठ. परंतु पॅराग्लायडिंगसाठी येथील टेकड्यांवर येणारे परदेशी उत्साही आणि पवना धरणाच्या काठी बंगले बांधून स्थिरावलेले मुंबईकर यांच्यामुळे तेथे एक नवाच रहिवासी वर्ग निर्माण झाला असून, ज्या भूमीची हवा आपण उपभोगतो तिचे काही देणे लागतो असे त्यांच्यातील कित्येकांस वाटते, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र सद्भावनेलाही कायदा असतो. परदेशी नागरिकाने येथेच राहून, रुपयांत, गावच्या संस्थेस दिलेली रक्कमही परकीय देणग्यांचे नियमन करणाऱ्या २०१० च्या कायद्यान्वये विदेशी देणगीच ठरते. संस्थेजवळ केंद्रीय गृहखात्याची परवानगी असावी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच जमा व्हावा लागतो. (भारतीय पारपत्र राखलेल्या परदेशस्थ मराठी माणसास, सुदैवाने, ही आडकाठी नाही.) सबब दात्याने थैली सोडण्यापूर्वी संस्थेचे दप्तर पाहावे, आणि त्याहूनही अगत्याचे म्हणजे गावास काय हवे ते गावासच विचारावे. नगर जिल्ह्यात पाणलोटाचे कार्य उभारणाऱ्या हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूंनी नुसता निधी आणला नाही, तर गावकऱ्यांनी श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पत्करावी असा आग्रह धरला, आणि म्हणूनच ते काम गावाचे झाले. कामशेतच्या नव्या रहिवाशांनी पहिला हप्ता धनादेशाने न देता जवळच्या ग्रामसभेत गप्प बसून ऐकण्याने द्यावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.