‘साभार परत’ गेलं कुठे?

पहिली कादंबरी किंवा पहिला कथासंग्रह लिहून झालेल्या माणसाला आज मराठीत दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे ‘लिहीत राहा, थांबू नका’. दुसरा, ‘अमुक ठिकाणी पैसे भरा, दोन महिन्यांत पुस्तक हातात’. पहिला फुकट असतो आणि त्याचा उपयोगही तेवढाच. दुसरा पाच आकडी रकमेला पडतो. या दोन सल्ल्यांच्या मधे पूर्वी एक माणूस बसलेला असायचा. तो हस्तलिखित वाचायचा आणि बहुतेक वेळा ‘साभार परत’ असा शेरा मारून पाठवून द्यायचा. आज ती खुर्ची बऱ्याच ठिकाणी रिकामी आहे आणि ती रिकामी राहण्यावर काही जणांचं दुकान चालतं. माझं भांडण त्या दुकानाशी आहे.

आधी दुकानाचा हिशेब बघू. प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो तेव्हा त्याला पुस्तक विकणं भाग असतं. कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ यांचा खर्च त्याने केलेला असतो, तो वसूल व्हायला प्रती खपाव्या लागतात. म्हणून तो वाचतो, शंका काढतो, शेवटचं प्रकरण पुन्हा लिहायला सांगतो. पैसे लेखकाने भरले की हे सगळं उलटं होतं. पहिली प्रत विकली जायच्या आधीच प्रकाशकाचा नफा झालेला असतो. मग त्याने तुमचं पुस्तक वाचायचं कशाला? त्याचं गिऱ्हाईक वाचक नसतो, तुम्ही असता. आणि गिऱ्हाइकाला कुणी ‘तुमची कथा अजून जमलेली नाही’ असं सांगत नाही. उलट तुमची शैली प्रवाही असल्याचं कळवलं जातं, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे पर्याय समोर ठेवले जातात आणि प्रकाशन समारंभाला कोणते पाहुणे बोलवायचे ते विचारलं जातं.

डिजिटल छपाईमुळे पन्नास-शंभर प्रतीही काढता येतात. ही चांगलीच गोष्ट आहे, पण याच सोयीमुळे पुस्तक ‘निघणं’ आणि पुस्तक वाचलं जाणं यांच्यातलं अंतर वाढलं आहे. प्रती नातेवाइकांत वाटल्या जातात, उरलेल्या माळ्यावर जातात. लेखकाला वाटतं, मराठी वाचक मेला. तो मेलेला नसतो, त्याच्यापर्यंत पुस्तक न्यायचं कारणच कुणाला नव्हतं.

पॅकेजमध्ये विकल्या जाणाऱ्या काही गोष्टी तर मुळात फुकट आहेत. ‘आयएसबीएन मिळवून देऊ’ ही त्यातली लाडकी ओळ. भारतात हा क्रमांक केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते आणि लेखक स्वतःही तो मागू शकतो. ‘कॉपीराइट करून देऊ’ ही दुसरी. १९५७च्या कायद्यानुसार प्रताधिकार लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो जातो करारावर सही केल्यावर, म्हणून करार वाचा. हक्क किती वर्षांसाठी दिले ते करारात नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. कोणत्या प्रदेशासाठी दिले ते नसेल, तर भारतापुरते धरतो. हे ठाऊक असलेला प्रकाशक ‘कायमस्वरूपी, सर्व भाषा, सर्व माध्यमं’ असं एका ओळीत लिहून ठेवतो आणि पैसे भरलेला लेखक कृतज्ञतेने खाली सही करतो.

पण पैशांचं नुकसान हे यातलं लहान नुकसान. मोठं नुकसान त्या वाचनाचं, जे झालंच नाही.

राम पटवर्धनांचं ‘पाडस’ अनेक मराठी घरांत आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द यर्लिंग’ या १९३८ च्या कादंबरीचा तो अनुवाद. ही कादंबरी मुळात एका संपादकाच्या आग्रहातून आली. स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेतले मॅक्सवेल पर्किन्स रॉलिंग्ज यांच्या मागे लागले होते, की फ्लोरिडाच्या रानाबद्दल, तिथल्या एका मुलाबद्दल लिहा. लेखिकेच्या हातात दुसरे विषय होते. संपादकाला तिच्या लेखनात कुठे जीव आहे ते दिसत होतं. कादंबरीला १९३९ साली पुलित्झर मिळालं. आणि ती मराठीत आणणारे पटवर्धन स्वतः ‘सत्यकथा’चे संपादक होते, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. श्री. पु. भागवत आणि पटवर्धन कथेवर लेखकांशी पत्रांतून चर्चा करत, बदल सुचवत, पुन्हा लिहायला लावत. त्या पत्रव्यवहाराला कुणी ‘लेखन कार्यशाळा’ म्हटलं नाही, पण मराठी कथेची शाळा तीच होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे लिहिलेला कोड दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय पुढे जात नाही. वीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाचा कोडही कालच रुजू झालेली मुलगी ‘हे असं का?’ म्हणून अडवू शकते, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. कथेचं तर याहून अवघड आहे. कोड चुकला तर प्रोग्राम बंद पडतो, निदान कळतं तरी. कथा चुकली तर काहीच होत नाही. पानं छापली जातात, समारंभ होतो, फोटो निघतात. चूक दाखवणारं कोणतंही यंत्र नसलेल्या कामात दुसऱ्या माणसाची नजर हाच एक उपाय उरतो, आणि नेमका तोच आपण पैसे देऊन टाळतो आहोत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हे दारावरचे संपादक कोण होते? पुण्या-मुंबईतले, एका वर्गाचे, एका जातीचे. त्यांच्या नकारात अभिरुची किती आणि अज्ञान किती होतं? ज्यांच्या भाषेला ते ‘अशुद्ध’ म्हणाले, ज्यांचं जगणं त्यांना कथेचा विषयच वाटलं नाही, त्यांनी त्याच दारात का ताटकळायचं? आता दार उरलं नाही, हे चांगलंच झालं.

आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच दुसऱ्या अर्ध्या भागासाठी इतिहास नीट बघायला हवा. ‘सत्यकथा’वर ज्यांचा राग होता, त्यांनी काय केलं? साठच्या दशकाच्या अखेरीस त्या मासिकाच्या अंकाची जाहीर होळी झाली, हे खरं. पण त्या पिढीने ‘आता कुणीच कुणाचं वाचू नये’ असं म्हटलं नाही. त्यांनी ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ अशी अनियतकालिकं काढली आणि त्यांत ते एकमेकांचे अत्यंत निर्दय वाचक होते. अशोक शहाणे यांनी ‘प्रास’मधून अरुण कोलटकरांची पुस्तकं काढली ती पॅकेज विकून नव्हे. आणि औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ उभं केलं. दलित लेखकांना प्रस्थापित मासिकांत जागा नव्हती, तर त्यांनी संपादक रद्द केला नाही, आपला संपादक घडवला. पानतावणे कित्येक दशकं नव्या, अनोळखी लेखकांचं लिखाण वाचत राहिले. दार चुकीचं असेल तर दुसरं बांधायचं असतं. पैसे भरून आत घेणाऱ्याने तुमच्यासाठी कोणतंच दार उघडलेलं नसतं, त्याच्याकडे फक्त गल्ला आहे.

दोष एकट्या दुकानदाराचाही नाही. आपल्याकडचे काही नामवंत प्रकाशक हस्तलिखित घेतात आणि दोन-दोन वर्षं ‘हो’ही म्हणत नाहीत, ‘नाही’ही म्हणत नाहीत. नकाराची एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? कंटाळून पॅकेजवाल्याकडे गेलेला लेखक या गप्प बसण्याने तिकडे ढकलला गेलेला असतो. ‘हल्ली कुणीही पुस्तक काढतो’ अशी तक्रार करण्याचा अधिकार त्यांनी आधी टपाल उघडून कमवावा.

मग लिहिणाऱ्याने काय करायचं? ‘प्रेरणा’ नावाची वस्तू माझ्याकडे नाही. काही कामं सांगता येतील.

कादंबरीआधी चार कथा लिहा आणि मासिकांना, दिवाळी अंकांना पाठवा. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा अजून जिवंत आहे आणि तिथे अजून वाचणारे संपादक आहेत. अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, गणपतीत कथा पाठवून उपयोग नाही. परत आलेली कथा महिनाभर ठेवून पुन्हा वाचा.

तीन माणसं शोधा, जी स्वतः लिहितात आणि तुमची नातेवाईक नाहीत. महिन्यातून एकदा एकाची कथा सगळ्यांनी आधी वाचून यायची. नियम एकच, ‘छान आहे’ म्हणायचं नाही. वाचताना कुठे कंटाळा आला, कोणतं वाक्य दोनदा वाचावं लागलं, कुठे पात्राऐवजी लेखक बोलतोय असं वाटलं, ते सांगायचं.

प्रकाशकाला पहिला प्रश्न ‘किती खर्च येईल’ असा विचारू नका. ‘माझ्या पुस्तकात काय बदलावं असं तुम्हाला वाटतं?’ असं विचारा. उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर त्याने ते वाचलेलं नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तीही बघा.

आणि स्वतःचेच पैसे घालायचे असतील, तर उघडपणे घाला. त्यात लाज काहीच नाही. संपादन आणि मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाला त्याच्या कामाचे पैसे द्या, अक्षरजुळणी करून घ्या, छापखान्याशी स्वतः बोला, हक्क आणि प्रती दोन्ही आपल्याकडे ठेवा. मग तुम्ही स्वतःच प्रकाशक असता, आणि विकण्याची जबाबदारीही तुमची असते. पैसे आपले, जोखीम आपली आणि नाव मात्र दुसऱ्याच्या प्रकाशनाचं, हा सौदा तेवढा नको.

घरात बसून कादंबरी पुरी करणाऱ्या माणसाने आयुष्याची दोन-तीन वर्षं त्यात घातलेली असतात. त्या वर्षांना किमान एक प्रामाणिक वाचक मिळायला हवा. तो ‘नाही’ म्हणाला तरी चालेल, पण वाचून म्हणाला पाहिजे.